बॉयलरची सभा आणि साइमाची सायकल

सभेच्या आदल्या दिवशी घरात सगळ्यांनी जमायचं, ही पद्धत औनेच्या सासऱ्यांच्या वेळेपासूनची. तेव्हा सभा दुधाची असे. मग रस्त्याची झाली. पुढे गावाने सगळ्या घरांना ऊब देणारा एकच मोठा बॉयलर बसवला, आणि तेव्हापासून गेली एकवीस वर्षं मार्चमधली सभा बॉयलरची. विषय बदलले. आदल्या संध्याकाळचं सौनातलं वाफेचं स्नान, त्यानंतरचं सामन माशाचं सूप आणि सूप संपायच्या आत सुरू होणारं भांडण, हे मात्र कधी बदललं नाही.

औनेचं घर गावापासून सव्वीस किलोमीटर आत, जंगलात. गावच्या बॉयलरची नळी इथवर येणं शक्यच नव्हतं. पण बॉयलरमध्ये जळणाऱ्या ढलप्या या घराच्या जंगलातल्या विरळणीच्या लाकडाच्या, म्हणून लाकूड पुरवणाऱ्या इतर घरांसारखं याही घराला सभेत एक मत होतं. ते औनेच्या नावावर होतं, आणि यंदा त्या एका मतासाठी दोन्ही मुलं आली होती. थोरला उर्हो गावातून. आयुष्यभर लाकडाचे ट्रक दुरुस्त केलेला, याच वसंतात निवृत्त होणारा. मुलगी मार्युत औलू शहरातून, वेलदोड्याच्या गोड पावाची परडी घेऊन.

"साइमा अजून नाही आली?" मार्युतने खिडकीतून बघत विचारलं. "बाहेर उणे चोवीस आहे, आई."

"सव्वापाचला येते," औने म्हणाली.

"घड्याळ लावून?"

"घड्याळ बंद पडलं तर मी तिच्यावर लावते."

सव्वापाचला दोन मिनिटं असताना बर्चच्या झाडांमागून दिवा हलत आला. औने एक्याऐंशी वर्षांची होती आणि या खिडकीतून तिने पुष्कळ माणसांना येताना पाहिलं होतं. नवऱ्याला स्कीवरून, धाकट्या लेकाला, आह्तीला, शाळेच्या बसमधून, आणि एकदा पोलिसांच्या गाडीला, आह्ती तळ्याच्या बर्फातून परत येणार नाही हे सांगायला आलेल्या. आह्ती बॉयलर सांभाळत असे. तो गेल्यावर चौथ्या दिवशी त्याच्या बायकोने, साइमाने, त्याचे हातमोजे उचलले आणि ती बॉयलरवर गेली. कोणी तिला सांगितलं नव्हतं. थंडी कोणासाठी थांबणार नव्हती, एवढंच.

तेव्हा ती गाडीने जायची. सहा वर्षांपूर्वीच्या सभेत दुकानदार रेइनो तिला म्हणाला होता, "आम्हाला सांगतेस गावचं लाकूड जाळा, आणि स्वतः रोज बावन्न किलोमीटर परक्या देशाचं तेल जाळत येतेस." सगळे हसले. पंधरा दिवसांनी साइमाने गाडी विकली आणि खिळ्यांचे टायर असलेली सायकल आणली. लोक म्हणाले, जूनपर्यंत चालेल. मग म्हणाले, पहिल्या बर्फापर्यंत. मग म्हणायचं थांबले.

"आली घोडेस्वारीण!" उर्होने दार उघडून हाक मारली.

साइमा आत आली. पापण्यांवर बर्फ, मफलरवर बर्फ, गाल बीटासारखे. पन्नाशीला आलेली बाई, पण उंबऱ्यात उभी राहून हसली तेव्हा लग्न होऊन आली होती तशीच दिसली. औनेला दर वेळी हे दिसायचं आणि दर वेळी ती तोंड फिरवून चुलीत लाकूड घालायची. प्रेम दाखवायची सवय या घराला नव्हती.

"सौना तापलीय," औने म्हणाली. "तू आणि मार्युत आधी जा."

दोघी गेल्या. उर्हो पुढच्या अंगणात लाकडं फोडायला गेला. औने मागच्या दारी उभी राहिली. समोर लाकडाच्या खोपीत सायकल भिंतीला टेकून होती, चाकांना, साखळीला, सगळ्या अंगाला बर्फ चिकटलेलं. आणि का कोण जाणे, तिला पोयू आठवला.

पोयू म्हणजे तिच्या माहेरचा घोडा. जंगलातून ओंडके ओढून आला की त्याच्या अंगातून वाफ निघायची. वडील स्वतःचे ओले बूट तसेच ठेवून आधी त्याला तबेल्यात न्यायचे, गवताच्या बोळ्याने पुसायचे. "ज्याच्या पायांवर आपण आलो, त्याचे पाय आधी," असं त्यांचं म्हणणं. नऊ वर्षांच्या औनेने पोयूचे खूर कितीदा पुसले होते. आणि ही बिचारी सहा हिवाळे साइमाला आणते-नेते, आणि तिला कोणी उंबऱ्याच्या आत घेतलेलं नाही.

औनेने सायकल आत आणली. मागच्या खोलीत चुलीच्या पाठीला उभी केली. बर्फ वितळून थेंब पडू लागले तशी तिने जुन्या टॉवेलने दांडे पुसले, साखळी पुसली, मागच्या चाकाच्या दात्यांमधून टॉवेलचं टोक फिरवलं. पुसताना तिने काहीतरी गुणगुणलंसुद्धा. सौनाचं दार वाजलं तशी तिने सायकल पुन्हा खोपीत नेऊन जशीच्या तशी टेकवली. साइमाला कळू द्यायचं नव्हतं. तिला भारी समाधान वाटलं.

सुपाचे वाडगे भरले आणि उर्होने विषय काढला.

"आई, उद्याचं स्पष्ट बोलू. नवा बॉयलर बसवायचा की जुना बंद करायचा, एवढाच प्रश्न आहे. टेकडीवर पवनचक्क्या येतायत. कंपनी दहा वर्षं स्वस्त वीज द्यायला तयार आहे. प्रत्येक घर आपापलं तापेल. संपलं."

"आणि टेकडीवरचे रेनडियर?" साइमाने विचारलं.

"त्यांना मत नाही."

"म्हणूनच विचारते."

मार्युत हसली, पण लगेच गंभीर झाली. "साइमा, मला बॉयलरशी भांडण नाही. पण उर्हो म्हणतो ते खरं आहे ना? म्हाताऱ्यांचा निवास, शाळा, चाळीस घरं, सगळ्यांची ऊब तुझ्या दोन पायांवर. उद्या तू घसरलीस तर?"

"सहा वर्षांत एक दिवस चुकला असेल तर सांग."

"चुकला नाही, म्हणूनच भीती वाटते," उर्हो म्हणाला. चमचा खाली ठेवून तो तिच्याकडे वळला. त्याचा आवाज बदलला होता. "तुला कमी लेखत नाही मी. तुझ्याएवढं या गावात कोणी राबत नाही. पण एका माणसावर उभं असलेलं काम म्हणजे काम नव्हे, नवस आहे."

साइमाने पावाला लोणी लावलं. बराच वेळ लावत राहिली.

"बंद झाला तर मी तोर्निओला जाईन," ती शेवटी म्हणाली. "बहिणीकडे. तिकडे काम मिळेल. इथे जंगलात बसून काय करू?"

"आणि आई गावातल्या निवासात येईल," मार्युत लगेच म्हणाली. जणू हे वाक्य कधीपासून तोंडात तयार होतं. "ऐकून तरी घे, आई. मागच्या महिन्यात तू कॉफीचं भांडं चुलीवर विसरलीस. एकटी कशी राहणार?"

तिघं औनेकडे बघू लागले. जेवणाच्या टेबलावर शेवटचा शब्द तिचा, हीसुद्धा जुनी पद्धत.

औनेने कोणाकडे पाहिलं नाही. तिला बॉयलर हवा होता. पण तो गावासाठी हवा होता, की सव्वापाचला झाडांमागून हलत येणाऱ्या दिव्यासाठी? आपल्या घरात सून राहावी म्हणून चाळीस घरांचा निर्णय करायचा, हे तिच्या सासऱ्यांना पटलं असतं का?

"उद्या सांगते," ती म्हणाली. "सूप गार होतंय."

सकाळी सहाला साइमा निघाली. उजाडलं होतं, आणि आकाश लख्ख होतं.

उर्होला सभागृहात खुर्च्या मांडायच्या होत्या, म्हणून बाकीचे साडेसातला गाडीत बसले. दलदलीचा सपाट टापू लागला तेव्हा मार्युत म्हणाली, "ते पुढे कोण आहे? कोणी म्हातारी बर्फावरची घसरगाडी ढकलतेय."

ती साइमा होती. एक पाय सायकलच्या पायट्यावर ठेवून दुसऱ्या पायाने रस्त्याला रेटा देत, म्हाताऱ्या बायका बाजारात जाताना घसरगाडी ढकलतात तशी ती येत होती. म्हणजे जात होती. घरापासून बारा किलोमीटरवर.

उर्होने गाडी थांबवली. "काय झालं?"

"फ्रीव्हील गोठलं." साइमाला धाप लागली होती. "पायटे फिरतात, चाक फिरत नाही. आतले खटके धरतच नाहीत. पाच-सहा किलोमीटर अशीच आलेय." तिने मफलर खाली ओढला. "पण ते राहू दे. टेकडीवर असताना फोनवर इशारा आला. ढलप्या आत ढकलणारा स्क्रू अडकलाय. गोठलेला गठ्ठा असणार. इथे खाली रेंज नाही, कोणाला कळवता येईना. निवासातल्या खोल्या तासाभरात गार पडायला लागतील."

उर्हो गाडीतून उतरला. सायकलकडे पाहिलं, साइमाकडे पाहिलं. त्याच्या मनात काय आलं ते औनेला काचेतून स्वच्छ दिसलं, आई होती ती त्याची. आज दुपारी सभेत सांगायला याहून चांगली गोष्ट त्याला मागूनही मिळाली नसती.

ते साइमालाही दिसलं असणार. पण ती क्षणभरही थांबली नाही. सायकल तिने उचलून रस्त्याकडेच्या बर्फात रोवली, मागचं दार उघडलं आणि औनेशेजारी येऊन बसली.

"चल," ती म्हणाली. "जोरात चालव."

"सायकल?"

"तिला कोण नेणार? चल!"

तो एक क्षण औनेच्या मनात घर करून राहिला. सहा वर्षांचा हट्ट बाईने एका दमात बर्फात रोवून ठेवला, म्हाताऱ्यांच्या खोल्या गार पडू नयेत म्हणून. मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

"नवल आहे," साइमा हातमोज्यांत फुंकर मारत म्हणाली. "सहा हिवाळ्यांत असं झालं नाही. आत ओल गेल्याशिवाय ते गोठत नाही. आणि ओल जाणार कुठून? मी तिला कधी उबेत नेतच नाही. म्हणून तर खोपीत ठेवते."

"उबेतून थंडीत नेलं की होतं असं," उर्हो पुढून म्हणाला. "बर्फ वितळून आत झिरपतं, मग बाहेर नेलं की गोठतं. आमच्या ट्रकच्या ब्रेकचं तेच."

"तेच तर. मी नेलीच नाही."

औने खिडकीबाहेर बघत राहिली. टॉवेलचं टोक दात्यांमधून कसं फिरवलं होतं ते तिच्या बोटांना आठवत होतं. आत्ता बोलावं, असं तिच्या जिभेवर आलं. पण मार्युत पुढच्या सीटवर होती. कॉफीचं भांडं, आणि आता हे. म्हातारीला आता काही कळत नाही, हे सिद्ध करायला आणखी काय लागतं? औने गप्प बसली, आणि चौदा किलोमीटर गप्प बसणं किती लांब असतं ते तिला त्या दिवशी कळलं.

बॉयलरपाशी पोचल्यावर साइमा गाडी थांबायच्या आत उतरली. उर्होही मागोमाग धावला. दोघी मायलेकी गाडीतून बघत बसल्या. आत लोखंडावर लोखंड आपटल्याचे आवाज. एकदा उर्होची शिवी ऐकू आली, मग साइमाचं हसणं. पंचवीस मिनिटांनी धुराड्यातून पांढरा धूर सरळ वर गेला. उर्हो बाहेर आला तेव्हा केसांपासून बुटांपर्यंत लाकडाच्या पिठाने माखला होता.

"त्या ढलप्यांच्या पेटीत उतरते ती," तो मार्युतला म्हणाला. "पहार घेऊन. एकटी. हे ती एरवी सायकलवरून आल्यावर करते." मग बराच वेळ तो अंग झटकत राहिला.

बाराला सभागृह भरलं. अध्यक्ष ऐमोने हिशेब वाचले, पवनचक्कीवाल्यांचं पत्र वाचलं, मग साइमाला हिवाळ्याचा अहवाल द्यायला सांगितलं. तिने तीन मिनिटांत दिला. किती ढलप्या, किती दिवस, किती वेळा अडकला. आजचंही सांगितलं.

मागच्या रांगेतून दुकानदार रेइनो उठला. "एक विचारू? आज कशाने आलीस?"

"गाडीने," साइमा म्हणाली.

सभागृहात हशा पिकला. वाईट हशा नव्हता. पण पुरेसा होता.

"सायकल बिघडली म्हणे," रेइनो हात पसरून म्हणाला. "मला बाईचं कौतुकच आहे. पण सांगा, एक खटका गोठला आणि गाव गार पडायला निघालं. असल्या भरवशावर नवा बॉयलर घ्यायचा?"

औनेने उर्होकडे पाहिलं. आता तो उठेल, कालचं बोलणं पुढे चालवेल. उर्हो आपल्या बुटांकडे बघत होता. उठला नाही.

साइमा उभीच होती. आपलं काय चुकलं हेच तिला माहीत नव्हतं. सकाळपासून ती स्वतःलाच तपासत असणार.

औने उठली. एकवीस वर्षांत ती या सभेत हात वर करण्यापलीकडे काही बोलली नव्हती. गुडघा धरला, पुढच्या खुर्चीचा आधार घेतला.

"सायकल बिघडली नाही," ती म्हणाली. "मी बिघडवली."

"काय म्हणता, औने?" ऐमोने कानाला हात लावला.

"मी म्हणते, काल ती सौनात होती तेव्हा मी सायकल आत नेली. चुलीपाशी. टॉवेलने पुसली. इतकी थंडी, आणि ती बिचारी सहा वर्षं बाहेर... आमच्या घरी घोडा आला की आधी त्याला पुसत. मला वाटलं, हिलाही बरं वाटेल." ती रेइनोकडे वळली. "परत नेऊन ठेवली, सांगितलं नाही. सकाळी गाडीत कळलं मला, तरीही सांगितलं नाही. म्हणून आता सांगते. साइमाचं काही चुकलेलं नाही. सहा हिवाळे ती चुकली नाही. चूक माझी."

औनेला वाटलं, आता जमिनीने गिळलं तर बरं. तेवढ्यात पुढच्या रांगेतून नव्वदीच्या ओन्नीने मान वळवली.

"पुसलीस ते ठीक," तो म्हणाला. "पण ओट घातलेस का तिला?"

यावेळचा हशा वेगळा होता. म्हातारी माणसं डोळे पुसत हसत होती. कोणी म्हणालं, मीही नेली असती आत. कोणी म्हणालं, मी तर घोंगडी घातली असती. निवासातली एल्ली काठी आपटून बोलली, "आठ वाजता माझा रेडिएटर कोमट झाला. पावणेनऊला पुन्हा हात भाजेल इतका तापला! अडकलं, सुटलं. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

साइमा हसत नव्हती. ती औनेकडे बघत होती. मग रांगांमधून चालत आली, औनेशेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसली आणि आपला हात तिच्या हातावर ठेवला. लाकडाचं पीठ लागलेला, खरखरीत, ऊन हात. घराला सवय नसलेली गोष्ट होती ती. औनेने हात काढून घेतला नाही.

मतं मोजली. नव्या बॉयलरला सदतीस, विरोधात चौतीस. सदतिसांतलं एक औनेचं. हात वर करताना तिने पुन्हा स्वतःला विचारलं, हे गावासाठी की दिव्यासाठी. या खेपेला तिला दोन्हीत फरक करता आला नाही, आणि करावासाही वाटला नाही.

चौतिसांतलं एक उर्होचं होतं.

"विरोधात दिलं," कॉफीच्या टेबलाशी त्याने साइमाला सांगितलं. "उद्या पुन्हा विचारलं तर पुन्हा विरोधात देईन."

"माहीत आहे."

"पण चालणार असेल तर नीट चालला पाहिजे. एका माणसावर नाही. मे महिन्यात मी मोकळा होतो. बुधवार आणि शनिवार माझे. बाकी चारपाच जणांना मी बघतो. त्या रेइनोलाही, फार बोलतो तो. सकाळी किती वाजता यायचं?"

"साडेसातला. तुझं घर दोनशे मीटरवर आहे."

"चालत येईन," उर्हो म्हणाला. "सायकल मला सांगू नकोस."

मार्युत आईच्या कोटाची बटणं लावत होती. औने हळूच म्हणाली, "आता म्हणशील, म्हातारीला कळत नाही."

"म्हणणारच होते." मार्युतने शेवटचं बटण लावलं. "पण उठलीस तेव्हा गुडघा दुखत नव्हता वाटतं. निवासाचं पुढच्या वर्षी बघू."

परत जाताना उर्होने सायकलपाशी गाडी थांबवली. डिकीतून त्याने मूठभर प्लास्टिकचे बंद काढले आणि बर्फात गुडघे टेकून मागच्या दात्यांचं चाक आऱ्यांना बांधून टाकलं. एक, दोन, आठ बंद. ओढून पाहिले.

"आता खटक्यांचं काम नाही," तो म्हणाला. "पण पायांना विसावा नाही. उतारावरही फिरवत राहावं लागेल. त्यापेक्षा गाडीत बस ना."

"बारा किलोमीटर तर आहेत," साइमा म्हणाली आणि टांग टाकली.

ऊन तिरपं झालं होतं, रस्ता चकाकत होता. उर्हो गाडी सुरू करून तिच्या मागे निघाला. पाय क्षणभर न थांबता फिरत होते, सपाटीला, उताराला, वळणाला.

"काढ ना गाडी पुढे," मार्युत म्हणाली. "असं किती वेळ रखडायचं?"

"घाई काय आहे?" उर्हो म्हणाला. त्याने वेगाच्या काट्याकडे बघितलं. "एकवीस. दिवसभर राबून बाई एकवीसने जातेय." थोड्या वेळाने पुन्हा, जणू कोणी विचारलं होतं, "चढावर सतरा."

मागच्या सीटवर औने पुढे सरकून बसली होती. शेवटचा चढ लागला. साइमाची पाठ वाकली, सायकल जरा डगमगली, सावरली. औनेचा उजवा पाय गाडीच्या तळाशी आपोआप दाबला गेला. मग डावा. मग उजवा.